रेगेसानांची रंगीत तालीम

टोकियोतल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिक अंकात रेगेसानांच्या निधनावर सात ओळी आल्या. त्या सात ओळींत तीन चुका आहेत. रेगेसान 'पर्यटनाचे शौकीन' होते, ही पहिली. ते 'स्वभावाने भिडस्त' होते, ही दुसरी. आणि त्यांच्या आफ्रिकेच्या सहलीस 'संबंधित प्रवासी कंपनीचे मोलाचे सहकार्य लाभले', ही तिसरी. पहिल्या दोन अज्ञानातून झाल्या असतील. तिसरीला मी असत्य म्हणतो. संपादकांना मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. जागेअभावी दुरुस्ती छापता येत नाही, परंतु आपण सविस्तर लेख दिल्यास आनंदाने घेऊ, असे त्यांचे उत्तर आले. दुरुस्तीला जागा नाही आणि लेखाला आहे, हा युक्तिवाद मला अद्याप समजलेला नाही. तरीही लिहितो, कारण जो माणूस मी पाहिला तो त्या सात ओळींत कुठेही नाही.

मी मुंबईत एका बँकेच्या विधी विभागात छत्तीस वर्षे काढली. मुलगा संगणकाच्या कामानिमित्त टोकियोत फुनाबोरीला स्थिरावला, आणि आम्ही उभयता वर्षातून एकदा, नव्वद दिवसांसाठी, त्याच्याकडे येऊ लागलो. रेगेसानांची ओळख झाली तीही एका पत्रामुळेच. आमच्या इमारतीसमोर ठेवलेली कचऱ्याची पिशवी एका सकाळी गाडीने उचलली नाही. उलट तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडून दिली. काच वेगळी, जळाऊ कचरा वेगळा, अशी वर्गवारी सूनबाईने स्वतः केली होती. मी वॉर्ड ऑफिसला उद्देशून दोन पानी इंग्रजी पत्र तयार केले. ते जपानीत कोण करून देईल असे विचारता सर्वांनी एकच नाव सांगितले: तिसऱ्या मजल्यावरचे रेगेकाका, जपानी शेजाऱ्यांचे रेगेसान.

दार एका सडपातळ, ताठ गृहस्थाने उघडले. घरातही इस्त्रीचा सदरा, मनगटी बटण लावलेले. पत्र त्यांनी दोनदा वाचले. मसुद्याची तारीफ केली. 'विदाउट प्रेज्युडिस' हे कायद्याचे शब्द फार वर्षांनी वाचले म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "गाडी तुम्ही पाहिलीत का?"

"कसली गाडी?"

"कचऱ्याची. एकदा जाऊन बघू या, वकीलसाहेब. मग पत्र पाठवू."

मी वकिली कधीच केली नव्हती, हे त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि अखेरपर्यंत मला वकीलसाहेबच म्हटले.

कचरा उचलण्याच्या पुढच्या वारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे कचऱ्याच्या जागेपासून चार पावलांवर उभे राहिलो. गाडी आली. हातमोजे घातलेला कामगार प्रत्येक पिशवी उचलताना किंचित हलवून पाहत होता; तो पिशव्या डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासत होता. आमची पिशवी किणकिणली. आत, वर्तमानपत्रात व्यवस्थित गुंडाळलेली, लोणच्याची रिकामी बाटली निघाली. कामगाराने टोपी काढून आमचीच क्षमा मागितली आणि पिशवी पुन्हा जागेवर ठेवली.

"पत्र पाठवायचं का?" रेगेसानांनी विचारले.

"नको."

"बरं. मसुदा मात्र जपून ठेवा. चांगला आहे."

'एकदा जाऊन बघू या' हे त्यांचे जीवनसूत्र होते. जपानी माणूस कोणत्याही कार्यक्रमाआधी ती जागा पाहून येतो. शाळेची सहल असो वा कंपनीचे भोजन, कुणीतरी एक जण आधी जातो, जिने मोजतो, शौचालय कुठे आहे ते लिहून आणतो. याला इथे शितामी म्हणतात. इतर लोक ते कर्तव्य म्हणून करतात. रेगेसानांच्या ते अंगात मुरले होते. दातांच्या डॉक्टरकडे जायचे तर आदल्या दिवशी ते त्याच्या दारापर्यंत जाऊन येत. नातीच्या वाढदिवसाला आम्ही त्यांना जेवायला बोलावले, तर आदल्या संध्याकाळी दाराशी हजर.

"रेगेसान, जेवण उद्या आहे हो," माझी पत्नी गडबडून म्हणाली.

"हो ना वहिनी. उद्याचंच बघायला आलोय." त्यांनी चपला कुठे काढायच्या ते पाहिले, बसायची जागा पाहिली, आणि चहासुद्धा न घेता परत गेले.

मूळचे ते गिरगावचे. विशीत कोबेला आले आणि कापडाची निर्यात करणाऱ्या एका भारतीय पेढीत चाळीस वर्षे जहाजी कागदपत्रे सांभाळत राहिले. पत्नी जपानी होती. ती गेल्यावर त्यांनी कोबे सोडले. एकुलती एक मुलगी मिका त्सुकुबाला वनस्पतींवर संशोधन करते. तिच्याजवळ राहायचे तर त्सुकुबालाच का नाही राहिलात, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "तिथे मिका आहे, पण मराठी नाही. इथून मिका दीड तासावर आहे आणि मराठी खालच्या मजल्यावर." मिकाला मराठी समजत असे. ती उत्तर मात्र जपानीतच देई. दोघांचे संभाषण ऐकताना फोनच्या दोन वेगळ्या लाइनी एकमेकींत मिसळल्यासारखे वाटे.

आता आफ्रिका. हा माणूस हौसेने कुठेही गेलेला नव्हता. जपानात इतकी वर्षे राहून त्यांनी फुजी पाहिला तो कामावर जाता-येता, आगगाडीच्या खिडकीतून. आफ्रिकेचे मूळ हौसेत नव्हते, एका चुकीत होते. त्यांच्या पेढीचे छापील कापड कोबेहून पूर्व आफ्रिकेच्या बंदरांना जाई. तिथल्या बायका ते अंगाभोवती गुंडाळतात. एका वर्षी त्यावर हत्तीचा छाप होता. चित्रकार जपानी, त्याने हत्ती पाहिला होता तो प्राणिसंग्रहालयात, आशियाई. नमुना मंजुरीसाठी रेगेसानांपुढे आला. मुंबईच्या माणसाला हत्ती ओळखीचा; त्यांनी पाहिला, सही केली, माल जहाजावर चढला. दोन महिन्यांनी तिथल्या व्यापाऱ्याचे पत्र आले. कापड उत्तम आहे, रंग पक्का आहे, परंतु बायका ते हातात घेऊन हसतात आणि परत ठेवतात. हा हत्ती आमचा नव्हे. याचे कान लहान आहेत.

"जपानी माणसानं काढला, हिंदुस्थानी माणसानं पास केला आणि आफ्रिकेत कुणी घेईना," ते सांगत. "कागदपत्रात मात्र एकही चूक नव्हती." पेढीत ही गोष्ट वर्षानुवर्षे विनोद म्हणून सांगितली गेली. रेगेसानही हसत. पण न पाहिलेल्या वस्तूवर आपण सही केली, हे त्यांनी स्वतःला माफ केले नव्हते असे मला वाटते.

माझ्या दुसऱ्या मुक्कामात त्यांनी मला एक वही दाखवली. टांझानियातल्या तारांगिरे नावाच्या राष्ट्रीय उद्यानाची सहल एक जपानी प्रवासी कंपनी वर्षातून एकदा, जुलैत काढीत असे. तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो, आसपासचे पाणी आटते आणि हत्तींचे कळप नदीवर येतात. वहीत आठ दिवसांचे वेळापत्रक होते, मिनिटामिनिटांचे. पहाटे पाच पन्नासला चहा, सहा पाचला गाडीत, सहा चाळीसला हत्ती. मी हत्तींच्या वेळेबद्दल शंका घेतली. त्यांनाही ती होती. म्हणून त्यांनी मुक्कामाच्या तळावरच्या मार्गदर्शकाला, एलिया नावाच्या गृहस्थाला, परस्पर पत्र लिहिले होते. सहा चाळीसला हत्ती नदीच्या कोणत्या काठावर असतात, आणि सूर्य पाठीशी राहावा म्हणून गाडीत कोणत्या बाजूला बसावे?

उत्तर माझ्यासमोरच आले. एलियाने लिहिले होते, "आदरणीय महोदय, डाव्या बाजूला बसावे. हत्तींनी आपली वेळ अजून कळवलेली नाही."

रेगेसान इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मग खोडरबर घेऊन त्यांनी वेळापत्रक पुसायला घेतले. आठही दिवस पुसून झाल्यावर सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते सूर्यास्त या जागी एकच शब्द लिहिला: 'थांबणे'. वही मिटता मिटता ते म्हणाले, "आता हे आपल्याला येतं का, ते बघायला हवं."

आणि सफारीची शितामी सुरू झाली. आफ्रिकेला आधी जाऊन येणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःचीच पाहणी करायचे ठरवले. पहाटे साडेपाचला आराकावा नदीच्या बांधावर दोन घडीच्या खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवल्या, म्हणजे गाडीतल्या आसनांसारख्या जवळ राहतील. त्यांनी डावीकडची घेतली. मी सहप्रवासी. चार तास बोलायचे नाही, उठायचे नाही, फक्त नदीकडे पाहायचे. धावायला आलेले लोक आम्हाला सुप्रभात म्हणून पुढे जात. बगळे येत, पाणकावळे पंख वाळवीत बसत. नऊ वाजता कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, आणलेले भाताचे गोळे खायचे, तेही कागदाचा आवाज न करता. परतल्यावर रेगेसान वहीत लिहीत: पाठ ठीक, गुडघा डावा आखडतो, लघवी दोन तास दहा मिनिटांनी.

मुलगा मला म्हणाला, "बाबा, लोक जपानमध्ये येऊन फुजी बघतात. तुम्ही बांध बघताय." छत्तीस वर्षांत मी एवढा वेळ कुणावरही न चिडता बसलो नव्हतो.

दुपारची सफारी सूर्यास्तापर्यंत चालते, म्हणून एके दिवशी संध्याकाळची तालीम ठेवली. प्रकाश उतरत होता. एक मोठा राखी बगळा आमच्या उजवीकडे, दहा पावलांवर, उतरला. मी त्यांच्या कोपराला स्पर्श केला. त्यांनी दुर्बीण उचलली आणि समोर, पलीकडच्या काठावर लावली.

"उजवीकडे," मी कुजबुजलो.

त्यांनी मान वळवली. बगळा तिथेच होता, मला त्याच्या गळ्यावरचे ठिपकेसुद्धा दिसत होते. रेगेसानांची नजर त्याच्यावरून निघून गेली. मग खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी सगळे शरीर हळूहळू फिरवले, एखादी खिडकी फिरवावी तसे, आणि एका जागी ते थांबले.

"हो. आहे," ते म्हणाले, आणि दुर्बीण मांडीवर ठेवली.

काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. समोरचे अजूनही लख्ख दिसे. वाचता येई, लिहिता येई. बाजूचे विरघळत चालले होते, आणि उजेड कमी झाला की अधिकच. पुठ्ठ्याच्या नळीतून पाहिल्यासारखे, असे त्यांनी सांगितले. मिकाला आजार माहीत होता; तो किती पुढे गेला आहे ते माहीत नव्हते.

"डॉक्टर किती मुदत देतात?" मी विचारले.

"मुदत नाही देत. नळी अरुंद होतेय एवढंच सांगतात." दुर्बीण पिशवीत ठेवत ते म्हणाले, "या वर्षी, फार तर पुढच्या. त्यानंतर हत्ती माझ्यापुढे आणून बांधला तरी उपयोग नाही."

यानंतर कंपनीचा प्रकृतिविषयक फॉर्म आला. सत्तरीपुढच्या प्रवाशांना तो भरावा लागे. दृष्टी, श्रवण वा चालणे यांत काही अडचण आहे काय, असा एक प्रश्न होता. मी तो तीन वेळा वाचला आणि मत दिले: समोरची दृष्टी चष्म्यासह उत्तम आहे, 'अडचण' या शब्दाची व्याख्या फॉर्मात कुठेही केलेली नाही, सबब 'नाही' हे उत्तर कायद्याने टिकेल.

"टिकेल हो," रेगेसान म्हणाले. "पण संध्याकाळी गाडीतून उतरताना मी पडलो, तर धावत येईल ती कंपनीची मार्गदर्शक मुलगी. तिनं फॉर्मवर 'नाही' वाचलेलं असेल. तिला कायदा काय उपयोगाचा?" आणि त्यांनी 'आहे' या चौकोनात खूण करून, खाली दिलेल्या दोन ओळींच्या जागेत, अतिशय सुवाच्य अक्षरात, सगळे खरे लिहिले.

कंपनीचा नकार आठ दिवसांत आला. इतर सहभागींच्या समाधानाचा विचार करता आपणास सामावून घेणे कठीण असल्याचे दिसते, आपण समजून घ्याल अशी आशा आहे, या अर्थाचे ते पत्र होते. माझा संताप अनावर झाला. नकार देण्याचेही धैर्य नसलेला तो नकार होता. मी कंपनीच्या छापील अटी सूनबाईकडून भाषांतरित करून घेतल्या आणि पाच पानांचे पत्र लिहिले. नकाराची कारणे कलमनिहाय द्या, आजारी व्यक्ती आणि मर्यादित दृष्टी असलेली व्यक्ती यांत आपण कोणत्या आधारावर भेद करीत नाही ते सांगा, उत्तर न आल्यास सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागण्यात येईल. रेगेसानांनी पाचही पाने वाचली.

"फार छान आहे. पण वकीलसाहेब, याला त्यांना उत्तर देता येणार नाही."

"तोच हेतू आहे."

"मग मी बरोबर ठरेन. आणि इथेच बसेन."

त्यांनी स्वतः एक पत्र लिहिले. ते अर्ध्या पानाचे होते. आपल्या अडचणीबद्दल क्षमस्व. माझ्यासारखा प्रवासी न्यायचा झाल्यास आपल्या माणसांना नेमकी कोणती जास्तीची कामे करावी लागतील, तेवढे कृपया कळवावे. जपानी कंपनीला नाही म्हणणे सोपे असते. विचारलेल्या माहितीला उत्तर न देणे मात्र तिच्याच्याने होत नाही. यादी आली, चार कलमांची. गाडीत चढणे-उतरणे, तंबूपर्यंतची अंधारी पायवाट, सामान, आणि आणीबाणीच्या प्रसंगी इतरांबरोबर झटपट हालचाल.

रेगेसानांनी चारही कलमांची तालीम केली. उंच पायरीसाठी ते रोज एका बांधकामाच्या कठड्यावर चढ-उतर करीत. संध्याकाळी बांधाखालच्या पायवाटेवर पावले मोजत, हातात डोंगरचढाईची काठी घेऊन चालत. सामानाची एकच पाठपिशवी केली, सहा किलोची, आणि ती पाठीवर घेऊन खुर्चीतून झटपट उठून निघण्याचा सराव घड्याळ लावून केला. दर आठवड्याला ते कंपनीच्या कचेरीत जात आणि खिडकीवर एक पानी अहवाल देऊन, आभार मानून परत येत. मी एकदा बरोबर होतो. त्यांना येताना पाहून खिडकीवरचा तरुण उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी तरी आदर म्हणणार नाही, ती भीती होती. अशा माणसाला भिडस्त म्हणायचे असेल तर मराठी भाषेत त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे असे जाहीर करावे.

चौथ्या अहवालानंतर कंपनीने अट घातली: टोकियोहून निघाल्यापासून टोकियोला परतेपर्यंत जबाबदार सोबती असल्यास प्रवेश देता येईल. मिकाचा सहलीला विरोध होता. टोकियोत प्राणिसंग्रहालय आहे, असे ती शांतपणे, जपानीत म्हणाली होती. रेगेसानांनी तिला पुन्हा विचारले नाही. सोबती म्हणून मी सही केली. आयुष्यात इतक्या आनंदाने मी दुसरी कुठलीही सही केलेली नाही.

कागदपत्रांची फाइल लावायचे काम अर्थातच त्यांचे. ते टेबलाशी बसले होते, मी चहा पीत होतो. माझ्या पारपत्राच्या एका पानावर ते थांबले. भिंग घेतले. पुन्हा वाचले. मग पारपत्र माझ्याकडे फिरवून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवले. माझा व्हिसा एकेरी प्रवेशाचा होता. जपान सोडले की तो संपणार. आफ्रिकेहून मला टोकियोला परतता येणार नव्हते. परतीच्या प्रवासात रेगेसानांबरोबर कुणी असणार नव्हते.

बँकेत मी इतरांच्या कागदांतली चूक दारातून आत येताना ओळखीत असे. स्वतःचे पारपत्र मी एक पुस्तिका म्हणून कपाटात ठेवले होते. त्या दुपारी मी दूतावास, इमिग्रेशन आणि कंपनी अशा तिघांना पत्रे लिहायला बसलो. रेगेसानांनी काही वेळ मला लिहू दिले.

"राहू द्या," ते अखेर म्हणाले. "नियम आपल्या बाजूनं असता तर एवढं लांब लिहावं लागलं नसतं."

"तुमचं एक वर्ष गेलं रेगेसान. माझ्यामुळे."

गेले नाही, असे ते म्हणाले नाहीत. खोटे सांत्वन हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी कंपनीला तीन ओळींचे पत्र लिहिले की माझ्या कागदपत्रांतील अडचणीमुळे या वर्षी येऊ शकत नाही. मी हरकत घेतली: अडचण त्यांच्या कागदपत्रांत नव्हती, माझ्या होती. "सहल माझी," ते म्हणाले, "म्हणजे कागदही माझेच." त्या जुलैत कंपनीचे प्रवासी तारांगिरेला गेले आणि मी मुंबईला परतलो.

त्या हिवाळ्यात मला त्यांची तीन पत्रे आली. पहिल्यात डोळ्यांचा तपासणी अहवाल, कसलेही भाष्य न करता. नळी अरुंद झाली होती. दुसऱ्या पत्रात मिका होती. एका शनिवारी ती अचानक लवकर आली, घरात वडील नाहीत म्हणून शोधत बांधावर गेली आणि तिने त्यांना थंडीत एकटे, दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीत बसलेले पाहिले. शेजारची मोकळी. काय करता आहात, तिने विचारले. रेगेसानांनी सांगितले, या वेळी नळीसकट सगळे सांगितले. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग मोकळ्या खुर्चीत बसली. पुढे त्यांनी लिहिले होते, "मला न दिसणारं तिनं सांगायचं, अशी तालीम आता चालू आहे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा सांगते. मी तिला म्हटलं, मराठीत सांग. आज म्हणाली, बाबा, दोन वाजता पांढरा पक्षी, पाय काळे, राग आलेला. बगळ्याला राग आलेला दिसतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं."

तिसऱ्या पत्रात एकच वाक्य होते. फॉर्म भरला, सोबती मिका.

या वेळी कंपनीने हरकत घेतली नाही. घ्यायला तिच्याकडे एकही कलम उरले नव्हते; चारही कलमे एका बहात्तर वर्षांच्या माणसाने बांधावर काठी टेकत टेकत खोडली होती. सहकार्य केले असेल तर त्या मार्गदर्शक मुलीने, जिने आठही दिवस त्यांचे डावीकडचे आसन राखून ठेवले. तिचे आभार मंडळाने जरूर मानावेत. कंपनीने फक्त माघार घेतली.

मी सप्टेंबरअखेर फुनाबोरीला आलो, तेव्हा ते जाऊन आले होते. जिन्यात मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मी बाजूने आलो होतो. वर गेल्यावर त्यांनी चहा केला. छायाचित्रे मिकाकडे होती, ती दाखवण्याची त्यांना घाई नव्हती. मला मात्र धीर नव्हता.

"दिसला?" मी विचारले.

त्यांनी कप खाली ठेवला आणि साक्ष द्यावी तसे, क्रमाने सांगितले. पहिले दोन दिवस हत्ती दूर होते. मिका दिशा सांगे, पण ते नजर तिथे नेईपर्यंत कळप झाडांत गेलेला असे. तिसऱ्या दिवशीही तेच. मिका रडकुंडीला आली. एलियाने गाडी नदीच्या वाटेवर उभी केली आणि इंजिन बंद केले. सगळे थांबले. दोन तास उलटून गेले, त्यांचा गुडघा आखडला. मग एक मोठी हत्तीण एकटीच, गाडीच्या अगदी जवळून, डावीकडून निघाली. एलियाने मिकाला हाताने खूण केली की काही सांगू नकोस, त्यांना बघू दे.

"अख्खी नाही दिसली, वकीलसाहेब. मावतच नव्हती. आधी सोंड आली. मग दात. मग डोळा, भोवती सगळ्या सुरकुत्या. मग कान आला, तो बराच वेळ चालला होता. मग पोट, नुसती भिंत. मागचा पाय. शेपूट. मी डोळे हलवलेच नाहीत. ती इतकी सावकाश गेली की सगळी बघून झाली."

आमचा चहा निवाला होता. त्यांनी तो गरम करून आणला.

डिसेंबरमध्ये माझे नव्वद दिवस भरले. आमच्या घरची मंडळी विमानतळाच्या बसपर्यंत आली होती, रेगेसानही आले. सामान चढवण्याच्या गडबडीत धड निरोपही झाला नाही. पत्नी आणि मी मागच्या बाजूला, खिडकीशी बसलो. बाहेर मुलगा, सून, नात आमच्या खिडकीखाली येऊन हात हलवीत होते. रेगेसान मात्र पुढे, बसच्या दारापाशी होते तिथेच, काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर पाहत उभे होते. आम्ही कुठे बसलो आहोत ते त्यांना दिसलेले नव्हते. नात त्यांना हाक मारून आमच्याकडे बोट दाखवू लागली, पण त्यांनी मान वळवली नाही. बस सुटली. त्यांच्यासमोरून एकेक खिडकी सरकू लागली, एक जपानी जोडपे, एक झोपलेला माणूस, एक रिकामी जागा, आणि ते न हलता त्या प्रत्येकाकडे पाहत राहिले. मग आमची खिडकी त्यांच्यासमोर आली. त्यांचा हात वर गेला, चेहरा उजळला, आणि ते काहीतरी बोलले, जे काचेमुळे मला ऐकू आले नाही. पुढच्याच क्षणी आम्ही पुढे सरकलो, आणि त्यांनी हात खाली घेतला. थोडे पुढे जाऊन बस सिग्नलला थांबली. मागच्या काचेतून मला ते अजून दिसत होते, म्हणून मी हात हलवीत राहिलो.